कोपीची मागची बाजू

आईच्या पायावर गहिनीनाथाचं डोकं.

मी सुखरूप हाय. बेंगलोरात एका नाचायच्या क्लबात गिलास उचलायचं, टेबलं पुसायचं काम हाय. फोनवर हितल्या आवाजात बोलता येत न्हाई, म्हनून लिवतोय. दोन्ही येळंला भात मिळतो, भाकर मातर न्हाई. तुझा गुडघा कसा हाय? औंदा ऊसतोडीला कुठल्या कारखान्यावर जानार?

फडावर ऱ्हायाला पाचटाची कोपी बांधताना तू कायम म्हनायचीस, मागच्या बाजूचं पाचट घट्ट आवळू नका, आग लागली तर लाथ मारून बाहेर पडता आलं पाहिजे. आता ते लई आठवतं.

हितं शनवारी माणसाला माणूस चिकटतं. वर छताला शोभेचं कापड, आन खाली कुनाचा वाढदिवस आसला की बाटलीवर फुलबाजी पेटवत्यात. लोकं बिल न देता पळत्यात म्हनून मागच्या दाराला कुलूप, दारापुढं रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. मी मॅनेजरला बोललो. तो म्हनला, "उसाच्या फडातनं आलास, आन आमाला शिकवतो व्हय?" सगळी हसली. मग मी पन हसलो.

दुसऱ्या दोन क्लबांत काम बघितलं. तिथंबी आसंच हाय.

आपल्या धाकल्या बजरंगला हिकडं कामाला धाडू नको. रुसला तर रुसू दे.

कोपीची मागची बाजू औंदाबी ढिलीच ठेवा. हितलं मागचं दार लोखंडाचं हाय. परवा झाडलोट करताना कुनी नव्हतं, तवा लाथ मारून बघितली. पाय सुजलाय, बाकी मी बरा हाय.

तुझाच,
गहिनी