हातमशीन घेऊन जा

कुमुद,

तू देवळातून परत येशील तोवर आमची एसटी सुटलेली असेल. मी आणि अप्पा देवगडला माझ्या बहिणीकडे जात आहोत. पेज झाकून ठेवली आहे.

सावंतवाडीच्या शिवणवर्गाचा पुन्हा निरोप आला. सोमवारपासून शिकवायला ये म्हणतात. मागच्या वेळी तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि नको म्हणालीस.

अप्पांनी लोकांच्या माळ्यांवरची जुनी मशीनं आणून पडवी भरली, म्हणून मी नेहमी कुरकुरते. त्यातलं एक हातमशीन त्यांनी तेलपाणी करून तुझ्यासाठी पेटीत ठेवलं आहे. "आज शरद आसतो तर तोच तिका घेऊन गेलो आसतो," एवढंच बोलले. वाडीतला दत्ताराम सोमवारी सकाळी गाडी घेऊन येईल. पेटी तोच उचलेल.

शरद गेल्यापासून तू त्याच्या सदऱ्यांच्या पिशव्या शिवते आहेस. आता पुरे. ट्रंकेत माझा हिरवा खण आहे. त्याचं पोलकं शिव आणि तेच घालून जा.

शेजारणी विचारतील, सासूला विचारलंस काय गो? सासू घरात नव्हती म्हणून सांग.

आई