चिंचेने घासलेले हंडे

सोलापूर,
ता. १२ नोव्हेंबर १९३४

तीर्थरूप अण्णांच्या चरणी धाकट्या बहिणीचा शरणार्थ नमस्कार.

भाऊबिजेचे पत्र आणि त्यासोबतचे इरकली लुगडे मिळाले. रंग माझ्या वयाला शोभेसा आहे, म्हणजे निवड वहिनींचीच असणार. त्यांचे गुडघे आता कसे आहेत? एरंडाचे पान गरम करून बांधायला सांगा. इकडे अजून थंडी म्हणावी तशी पडलेली नाही.

येत्या गुरुवारी मला न्यायला येतो, सामान बांधून ठेव, मागची खोली रंगवून घेतली आहे, असे तुम्ही लिहिले आहे. एकट्या बाईने एवढ्या घरात राहणे सुरक्षित नाही आणि ह्यांच्या पुतण्याशी, बसलिंगप्पाशी सगळे बोलणे झाले आहे, असेही लिहिले आहे. त्याचे उत्तर देते. पण आधी वादळाचे लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय मला पुढचे सुचणार नाही.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात स्टेशनवर तार आली की बंगालच्या उपसागरातले तुफान मद्रासच्या बाजूने जमिनीवर चढले आहे आणि इकडे सरकते आहे. आपल्या कोरड्या मुलखात अशी बातमी कुणी मनावर घेत नाही. मी घेतली, ती परसातल्या तळ्यासाठी.

ते तळे तुम्ही पाहिले आहे. तुम्ही त्याला 'डबके' म्हणाला होता. ह्यांनी ते आमच्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी चुना-दगडात बांधून दिले. मी ह्यांच्याकडे जन्मात मागितलेली ती एकच गोष्ट. सासूबाई कडाडल्या होत्या, "लिंगायताच्या घरात मासे? उद्या लोक म्हणतील, कालवण करतात!" हे हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "अव्वा, खाणारं घरात कुणी नाही. बघणारी एक आहे." मासे हिप्परग्याच्या तलावातून मडक्यात घालून आणवले. तळेच का हवे, हे ह्यांनी कधी विचारले नाही. विचारले असते तरी मी सांगितले नसते.

वादळाआधी तळ्याचे काय करायचे ते मला ठाऊक होते. मिशनच्या शाळेत तळ्याचे आणि बागेचे काम पाहणारी सिस्टर आम्हा मुलींकडून दर पावसाळ्यापूर्वी हे करून घेत असे. मी आमच्या गुंडा माळ्याला हाताशी घेतले. तळ्यातले पाणी वीतभर उपसून केळींना घातले, म्हणजे पावसाचे पाणी मावेल आणि मासे काठावरून वाहून जाणार नाहीत. गटाराच्या तोंडाशी तारेची जुनी चाळण घट्ट बसवली. छपराची पन्हळ पत्र्याने दुसरीकडे वळवली; गिरण्यांच्या धुराड्यांची काजळी वर्षभर कौलांवर साचते, ती पहिल्या सरीबरोबर तळ्यात उतरली असती. शेवग्याच्या फांद्या तोडल्या, कारण वाऱ्याने आधी शेवगा मोडतो. कमळाच्या कुंड्या बाहेर काढल्या. वरून मच्छरदाणी ताणून कडेला दगड ठेवले.

गुंडा हसत होता. "अव्वा, एवढी तयारी तर माज्या लग्नात बी न्हवती की."

"तुझ्या लग्नात मी नव्हते म्हणून."

"त्ये बी खरं हाय. तुमी असता तर नवरीलाच जाळीखाली ठिवली असती."

पुष्कळ दिवसांनी मी मोठ्याने हसले, अण्णा.

शेवटी कुंभाराकडून दोन नवे रांजण आणवले आणि तळ्याचेच पाणी भरून पडवीत ठेवले. काठ ढासळलाच तर मासे त्यांत घ्यायचे, नाहीतर हात लावायचा नाही, असे सगळ्यांना बजावले. आमची जुनी स्वयंपाकीण अंबुबाई नाक मुरडून आत गेली.

दुपारी आभाळ काळे झाले आणि बसलिंगप्पा टांगा घेऊन दारात आला. हे गेल्यापासून पुतण्याच्या नात्याने सगळे तोच बघतो. "काकू, चला. आमच्या माडीवर राहा. घर जुनं, तुमचं वय झालेलं." मी नाही म्हटले. तळे सोडून येत नाही, म्हटले. तो म्हणाला, "तळ्याचं आम्ही बघतो की. तुम्ही लहान मुलासारखं करू नका." शेजारपाजारचे दारात येऊन बघू लागले. मी टांग्यात बसले. चारचौघांत तमाशा नको म्हणून आपण बायका किती ठिकाणी चढून बसतो!

रात्रभर वारा आणि पाऊस होता. सकाळी उघडले तशी मी चालतच घरी आले. शेवग्याचे खोड उभे होते. चाळण जागच्या जागी होती. काठाचा एक दगडही हलला नव्हता. तळे काठोकाठ भरले होते, पाणी स्वच्छ होते, आणि त्यात एकही मासा नव्हता.

मासे स्वयंपाकघराच्या ओसरीवर होते. दिवाळीसाठी चिंच लावून लखलखीत केलेल्या तांब्याच्या हंड्यांत. सगळे उलटे होऊन तरंगत होते.

बसलिंगप्पानेच रात्री निरोप पाठवला होता की मासे आत घ्या, नाहीतर काकू आम्हाला बोल लावतील. रांजण भरलेले समोर होते. मी अंबुबाईला विचारले, "रांजणात का नाही घातले?"

ती डोळे पुसत म्हणाली, "आईसाब, मातीच्या भांड्यात मासा घातला की भांडं बाटलं. फोडूनच टाकावं लागतंय. तांब्याचं काय, परत चिंच लावली की शुद्ध. चांगल्यात चांगले हंडे काढले बघा मी त्यांच्यासाठी."

ती खोटे बोलत नव्हती. तिने घरातली सर्वांत पवित्र भांडी काढली होती. तांबे माशाला विष असते, हे तिला ठाऊक नव्हते. पितळेतही तांबे असते, म्हणून आमची सिस्टर तळ्याजवळ पितळी फुलपात्रदेखील येऊ देत नसे. हे मी अंबुबाईला आधी सांगितले नव्हते, कारण रांजण आणल्यावर कुणी हंडे काढील असे माझ्या मनातच आले नाही.

बसलिंगप्पा आला. हंड्यांत पाहून म्हणाला, "काकू, आम्ही चांगल्यासाठीच केलं."

हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, अण्णा. तुमच्या तोंडून.

आपल्या आप्पांना जाऊन वर्ष झाले नव्हते. मला शाळेत आप्पांनीच घातले होते, लोकांचे बोल सोसून. परीक्षेनंतर धाकट्या वर्गाला शिकवशील का, असे सिस्टरने मला विचारले होते आणि मी त्या आनंदात दोन रात्री झोपले नव्हते. आणि एके दिवशी तुम्ही शाळेच्या फाटकाशी टांगा उभा केलात. "अव्वा आजारी आहे, बस," म्हणालात. घरी आले तर अव्वा चुलीपाशी लग्नाचे लाडू वळत होती. मिशनच्या बायका मुलीला बाटवतील, असे कुणीतरी तुमच्या कानात घातले होते. मग तुम्ही सोलापुरातले चांगल्यात चांगले घर काढलेत. श्रीमंत, कुलीन, बिजवर. मी रडले तेव्हा म्हणालात, "नीला, तुझ्या चांगल्यासाठीच केलं."

हे माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मला कधी दुखवले नाही. पण ज्या पुस्तकांतून मी मुलींना शिकवणार होते, ती टांग्यात घेऊ दिली नाहीत, आणि या घरात मी मागवली नाहीत. इतकी वर्षे दर भाऊबिजेला तुम्हाला लिहीत आले की मी सुखात आहे. आता तो शब्द माझ्याने लिहवत नाही.

रांजण बाटले असते, तर बाटू द्यायचे होते. मासे जगले असते.

बसलिंगप्पा मग म्हणाला, "झालं ते झालं. आता तळं बुजवून घेऊ. तुम्ही बेळगावला भावाकडे जाणार, मागं बघणार कोण? अण्णांना मी कळवलंय." तुमचे पत्र यायच्या आधी मला हे असे कळले. घर ह्यांनी माझ्या नावे ठेवले आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. मी त्याच्याकडून परसदाराची किल्ली मागून घेतली. तो फार दुखावला. जाताना म्हणाला, "शाळेत शिकलेल्या बायका शेवटी अशाच." मी म्हटले, "शेवटापर्यंत शिकू दिलं असतं तर मी याहून वाईट झाले असते."

गुंडा पुन्हा हिप्परग्याला जायला तयार आहे. मी अजून हो म्हटलेले नाही. रोज सकाळी परसात जाते, रिकाम्या पाण्याकडे बघते आणि परत येते. कदाचित कधीच नवे मासे आणणार नाही. पण ते मी ठरवीन.

गुरुवारी तुम्ही यावे. तुमचेही वय झाले आहे, होटगीला गाडी बदलताना हमाल करा, स्वतः ओझे उचलू नका. तुमच्या आवडीची शेंगांची पोळी करून ठेवते. दोन दिवस राहा, पडवीत बसा, आप्पांच्या आठवणी काढू. मी भांडणार नाही. पण सामान बांधलेले दिसणार नाही, आणि टांगा दारात उभा राहिला तर मी चढणार नाही, सगळी पेठ जमली तरी.

खोलीचा रंग वाया जाईल, त्याबद्दल वहिनींची क्षमा मागते.

परतीचे तिकीट एकच काढा.

तुमची बहीण,
नीलम्मा