सहा महिने आणि सोळा सोमवार

गुरु., ३० जाने.
मंजिरी नि जावईबापू कोर्टात संमतीने घटस्फोटाचा अर्ज देऊन आले. सोबत हे गेले होते. विचारलं, सुटलं एकदाचं? म्हणाले, "कुठलं! सहा महिने थांबा म्हणे. मग पुन्हा दोघांना विचारणार."
"का पण?"
"रागाच्या भरात सही केली असेल तर? म्हणून."
म्हणजे सरकारलाही आशा आहे. जरा बरं वाटलं. ऑटोचे मात्र चारशे दहा. देवा!

सोम., ३ फेब्रु.
सोळा सोमवार धरले. श्रावणाची वाट बघितली तर मुदत संपायची. मागणं एकच, दोघं एक होऊ देत. उद्यापनाला मेहूण म्हणून त्यांनाच जेवायला बसवीन.
शेजारच्या शारदाक्का त्यांच्या कानडीत "सरी", म्हणजे ठीक, म्हणाल्या. "पण तिला विचारलंत का?"

सोम., ७ एप्रिल
मं. फोनवर जावईबापूंशी बोलताना चक्क हसली. शंकर पावला! देवापुढे साखर ठेवली.
"आई, तसं काही नाही गं. ओवीच्या शाळेचं ठरलं. कोर्टातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, लग्न टिकवाच असं मी म्हणणार नाही, पण पोरीचे हाल होऊ देणार नाही. तेव्हापासून आम्ही बोलू तरी लागलो."
साखर उचलली नाही. ठेवलेली परत कशी घ्यायची.
मं. हल्ली दोन पोळ्या खाते. आधी अर्धी टाकायची.

सोम., १९ मे
सोळावा. हात जोडले, पण 'दोघं एक' तोंडी येईना. 'पोर सुखी ठेव' एवढंच. मागणं मधेच बदललेलं चालतं का… कुणाला विचारू?
उद्यापन श्रावणावर टाकलं.

गुरु., ७ ऑग.
निकाल लागला. जजबाईंनी दोघांना विचारलं, कुणाची बळजबरी नाही ना? राहणार कुठे, ओवीचा खर्च कोणाकडे, बापाची भेट कधी. लग्नात गुरुजींनी एवढं विचारलं नव्हतं.
वाटलं होतं, रडू येईल. घरी आल्यावर सपाटून भूक लागली.

सोम., ११ ऑग.
उद्यापन. मेहूण शारदाक्का नि त्यांचे यजमान.
काल रात्री बापाच्या घराकडून येताना बेळ्ळंदूरला ट्रॅफिक, म्हणून ओवी त्याच्याकडेच राहिली. आज ऐन पानं वाढताना सोडायला आला. दारातून नेहमीसारखं, "आई, येऊ?"
"या," म्हटलं. पुढचं 'जावईबापू' ओठांवरच राहिलं.
मं. आतून म्हणाली, "अगं, त्यालाही पान वाढ."
चुरमा दोनदा मागून घेतला. रविवारी पुन्हा येईल ओवीला न्यायला. तोवर काहीतरी हाक शोधायला हवी.