जमिनीची दुरुस्ती

सोमवार, ३ फेब्रुवारी

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि खिडकीजवळची खुर्ची माझी! समोर कडुनिंब, खाली रिक्षातळ, आणि शेजारच्या टेबलावर कुणीच नाही, म्हणजे पाय पसरायला जागा. ही वही धाकट्या बहिणीने सकाळी पिशवीत कोंबली. म्हणाली, रोज लिही, नाहीतर तू दिवसभर त्या फोनमध्ये काय उकरतेस ते मला मेल्यावरच कळेल. तिची जीभ अशीच आहे. टायरच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांपैकी मोठी तिने कालच बळकावली, अभ्यासाच्या नावाखाली.

काम मनासारखं आहे. कंपनी घरपोच औषधं देते, बहुतेक म्हाताऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना. ऍपमध्ये आत्तापर्यंत वापरलेली नकाशासेवा महिनाअखेर बंद होतेय, तेव्हा दुसरी शोधून बसवायची ती मी. मालकांना सगळे तोंडावरच घाईसाहेब म्हणतात. ते जिना चढता चढताच म्हणाले की कुठलाही नकाशा घाला, रस्ता दिसला म्हणजे झालं. मी विचारलं, इन्सुलिन शेजारच्या गल्लीत पोचलं तर चालेल का? ते थांबले. मला वाटतं, ते जिन्यात थांबलेले ऑफिसने पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तीन दिवस गाडीतून नुसती वणवण. आमच्या औषधगाडीचा ड्रायव्हर पन्नाशीचा, गोल, सदा हसरा. त्याला सगळे चकवा म्हणतात, कारण तो स्वतःच्या घरीही दोनदा वळसा घालून पोचतो. मी चकवादादा म्हणते. दादा म्हणाले, ताई, नकाशा तपासायला माझ्यासारखा माणूस नाही. मी पोचलो म्हणजे आंधळाही पोचेल.

पहिला नकाशा हौशी लोकांनी मिळून काढलेला. बागेतला बाक न् बाक त्यात आहे, पण वळणरस्त्यापलीकडे सगळं पांढरंफटक. दुसरा बड्या कंपनीचा, देखणा, पण नेट गेलं की मुका, आणि पत्ता टाकला की खूण दारावर पडायच्या ऐवजी गटारावर पडते.

तिसरा इथल्याच एका माणसाचा. नाव कुणी ऐकलेलं नाही. आज त्याच्यावर गाडी चालवली. नेट नसताना चालतो, बॅटरी खात नाही, आणि खूण अगदी उंबऱ्यावर पडते. दादा दिवसभरात एकदाही चुकले नाहीत. संध्याकाळी जरा हिरमुसलेलेच दिसले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तो नकाशेवाला आज भेटायला आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखं इतकी स्वच्छ की मी माझी टेबलाखाली लपवली. पूर्वी जमीनमोजणीत होता. हद्दीच्या खुंट्या ठोकायचा आखूड दांड्याचा घण अजून बरोबर बाळगतो, सवय म्हणून. सगळा भाग त्याने पायी फिरून मोजलाय. मी म्हटलं, जवळपास बिनचूक आहे. त्याला ‘जवळपास’ आवडलं नाही. काही चुकलेलं दिसलं तर ऍपमधून कळवा, म्हणाला, मी त्याच दिवशी निस्तरतो. मग जाता जाता, हसून, “पण नकाशा चुकत नाही, मॅडम. जमीन चुकते.”

घरी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, आता परीक्षेत हेच लिहिते, माझं उत्तर बरोबर, प्रश्न चुकलाय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तिसराच घेतला. घाईसाहेबांनी माझं बोलणं पुरं व्हायच्या आत मान हलवली. दादांना मी ‘चूक कळवा’चं बटण दाखवलं आणि दिसेल ती चूक तिथल्या तिथे कळवायला सांगितलं.

पहिली मीच कळवली. शाळेमागच्या गल्लीत नकाशा आरपार रस्ता दाखवतो, प्रत्यक्षात मध्ये लोखंडी फाटक आणि भलंमोठं कुलूप. संध्याकाळी उत्तर आलं: दुरुस्त केलं. नकाशा उघडला तर रस्ता होता तसाच आरपार. जुनंच चित्र फोनमध्ये अडकलं असेल, असं समजून सोडून दिलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

गंमत झाली. त्या गल्लीत गेलो तर फाटकच नाही! बिजागऱ्यांसकट उखडून कडेला फेकलेलं, गज वाकडेतिकडे. दादा म्हणाले, ताई, तुमच्या बटणाला फारच वट आहे, माझ्या सासूबद्दल पण कळवता का? आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

दुपारी आणखी एक कळवली. लाकडाच्या वखारीमागे नकाशात मोकळं मैदान आहे. तिथे पत्र्याच्या खोलीत एक सुतारबाबा राहतात. पायाची जखम बरी होत नाही, त्यांना मलमपट्टीचं सामान लागतं. दादांना खोली सापडेना तेव्हा बाबांनी आतून करवतीवर हातोडी वाजवून बोलावलं. आम्हाला पाणी दिलं. दिसायला कडक, पण मी निघताना म्हणाले की पोरी, उन्हात टोपी घालत जा.

उत्तर आलं. दुरुस्त केलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सुतारबाबा गेले.

दादा सामान घेऊन गेले होते. परत आले ते गाडीतून उतरेचनात. खोली राहिलीच नाही. पत्रे चेपून जमिनीशी सपाट, लाकडी खांब मुळापासून तोडलेले. बाबांना वखारवाल्यांनी पत्र्याखालून ओढून काढलं. डोक्याचा आकार राहिला नव्हता, असं दादा म्हणाले, आणि मग तेच पुन्हा म्हणाले. हातसुद्धा मोडलेले. डोक्यावर धरले असणार.

खोली कोसळली, म्हणतात लोक. पण मग वखारीचं छप्पर कसं उभं? वाऱ्याचा मागमूस नव्हता.

जेवण गेलं नाही. धाकटी जवळ बसून राहिली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नकाशा उघडला. वखारीमागे मोकळं मैदान.

मी त्याला कळवलं होतं की इथे घर आहे. त्याने घर दाखवलं नाही. आणि आता ते खरंच नाही.

छे. माझं डोकं फिरलंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

डोकं फिरलेलं नाही.

शिवणकाम शिकवणाऱ्या बाई. दम्याचा पंप न्यायचा होता. दुमजली इमारत, आणि गच्चीवर त्यांची एकच खोली, नकाशात नसलेली. ती मी गेल्या मंगळवारीच कळवली होती, सुतारबाबांचं कळायच्या आदल्या दिवशी. आज आम्ही पोचलो तेव्हा खाली गर्दी होती. बाई रस्त्यावर पडलेल्या. तोंडावर कुणीतरी त्यांचीच साडी टाकली होती, तिच्यातून रक्त झिरपत होतं. वर गेले. विटा एकेक करून फोडलेल्या. शिवणयंत्राचे दोन तुकडे. कठड्यावर चार बोटांचे ओरखडे, नखांसकट.

शेजारीण सांगत होती की इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस सकाळी सभ्यपणे जिना विचारून वर गेला. दुरुस्तीला आलोय म्हणाला.

दादा तिथेच भिंतीला धरून ओकले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पोलिसांकडे गेले. सगळं सांगितलं, निरोप दाखवले. फौजदार आधी हसला, मग वाचता वाचता हसायचा थांबला. माणसं पाठवली. नकाशेवाल्याच्या खोलीला कुलूप होतं. तोडलं तर आत नुसत्या खुंट्या, भिंतभर.

घाईसाहेबांना सांगितलं. ते खुर्चीत बसले, ज्या खुर्चीत ते कधीच बसत नाहीत. त्याची सेवा आजच काढा, दुसरी बसवा, म्हणाले. मग मला न विचारता त्याला फोन करून तसं सांगितलंही. खडसावून सांगितलं. मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता —

बुधवार, २६ फेब्रुवारी

अक्षर लागलं तर नशीब.

तो आला. ऑफिसात, भर अकराला. दार ढकललं, सगळ्यांना नमस्कार केला. घाईसाहेब उठले, बोट दाखवून चालते व्हा म्हणाले. त्याने ते बोट धरलं, हात टेबलावर नेला, अगदी हळू, लहान मुलाचं अक्षर गिरवून घ्यावं तसा. आणि पिशवीतून घण काढून मनगटावर घातला. एकदा. मग पुन्हा. हाडाचा तो आवाज. साहेब ओरडले नाहीत, त्यांना ओरडताच आलं नाही. तिसरा घाव गुडघ्यावर. हिशेबनीस मागून धावले. त्याने न वळता कोपर मारलं. ते दातांसकट खाली.

मग माझ्याकडे आला. शर्टावर थेंब होते. ते रुमालाने टिपले.

“मॅडम, तुमच्याइतक्या बारकाईने चुका कुणीच कळवल्या नाहीत. आभार मानायला आलो.”

मी म्हटलं, तिथे माणसं होती.

“ती तिथे नव्हती,” तो म्हणाला. “मी स्वतः मोजलंय.”

अजून किती राहिल्यात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. एकही नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातला फोन बघितला. “एक आहे की,” म्हणाला, आणि गेला. जिन्यावर कुणीही त्याला अडवलं नाही. मीही नाही.

साहेब इस्पितळात. हात काढावा लागेल म्हणतात.

एक कुठली? माझ्या सगळ्या मी तपासल्या —

गुरुवार, २७ फेब्रुवारी, सकाळ

दादांची आहे.

आत्ता रडत सांगितलं. मी बटण दाखवलं त्याच आठवड्यात त्यांनी दाबलं होतं. ताई म्हणाल्या म्हणून. खाणीजवळचं घर. एकट्या राहणाऱ्या बाई, हृदयाच्या गोळ्या. मग विसरले. सुतारबाबांच्या आधीचं. तो रांगेनेच करत नाही काही, त्याला जमेल तसं —

बाईंचा फोन लागत नाही. तिकडे रेंजच नाही.

चौकीत सांगितलं. गाडी पाठवतो म्हणाले. कधी? निघेल. दादांनी किल्ली घेतली, मी शेजारी बसले. धाकटीला फोन केला, दार लावून बस म्हटलं. ती म्हणाली, तू कुठे आहेस? मी म्हटलं, कामावर.

त्याच दिवशी

पोचलो. बाई जिवंत. अंगणात लाकडं फोडत होत्या. सत्तरीच्या, काटक. आम्ही चला चला म्हणतोय, आणि त्या म्हणतात, चाळीस वर्षं मी इथे आहे, कुणाच्या बापाची हिंमत आहे?

तेवढ्यात दादा म्हणाले, ताई.

तो खाणीच्या चढावरून येत होता. चालत. घाई नाही.

दादा गाडीकडे धावले, फिरवून आणतो म्हणाले. तो आडवा आला. दादा हात जोडत होते. मी बघितलं, हात जोडलेलेच होते. पहिला घाव खांद्यावर. दादा बसले. दुसरा —

मी पुढे धावले होते. बाईंनी वेणी धरून मागे ओढलं, आत घेतलं, कडी घातली.

दादा हलत नाहीत. खिडकीतून त्यांचा एक पाय दिसतो. चप्पल निघालीय.

मीच सांगितलं होतं त्यांना. बटण दाबा म्हणून.

लिहितेय कारण नाही लिहिलं तर ओरडेन.

बाई म्हणतात, तो दाराशी का येत नाही?

दाराशी आलाच नाही. मागच्या बाजूला आहे. ठोका. थांबतो. ठोका. भिंत पाडतोय. दार त्याला नकोच आहे, त्याला घरच —

माती पडतेय. फडताळ कोसळलं.

गाडीचा आवाज? चौकीची? नाही. खाणीतला दगड.

बाईंनी कुऱ्हाड उचलली. लाकडं फोडायची. कपाळातून रक्त येतंय, वीट लागली, पुसतही नाहीत. मला म्हणतात, पोरी, ते लिहिणं ठेव, मुसळ घे. डोकं आत आलं की तू डावीकडून.

उजेड आला. भोक पडलं. बोटं दिसतायत, स्वच्छ नखं, विटा अगदी नीट एकेक करून बाजूला —

मुसळ मांडीवर घेतलं. जड आहे. दोन हातांनीच उचलेल —

बाई मोजतायत. एक. दो