विजेत्यांचे निळे शर्ट

चि. बोक्यास ताईचा आशीर्वाद, आणि कान पकडायचा हक्कही.

मी मजेत आहे. खेळाचा बाजार खुला झाल्यापासून आमच्या शिलाई कारखान्याला उसंत नाही. रोज कुठलीतरी कंपनी संघ काढते आणि आम्ही त्याचे शर्ट शिवतो. तुमचा संघ सरकारी गिरणीचा होता तेव्हा तुझा शर्ट आई शिवायची, आठवतं?

फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहिते. रविवारच्या तुमच्या अंतिम सामन्यासाठी 'विजेते' छापलेले शर्ट आमच्याकडेच शिवायला आलेत. दरवर्षी दोन्ही संघांचे आधीच शिवून ठेवतात, हरलेल्यांचे मग फाडतात. यंदा फक्त निळे आहेत. तुमचं पिवळं कापड आलंच नाही. कटिंग मास्तरांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, हात चालवा, तोंड नको."

आईचे गुडघे कसे आहेत? ती म्हणते, तुझं हल्ली जेवणात लक्ष नसतं. गोलरक्षकानं उपाशी राहून कसं चालेल?

हे पत्र तिला दाखवू नकोस.

चेंडूवर झडप घालतोस म्हणून गाव तुला बोका म्हणतं. डोळे मिटून दूध पिणारा तर झाला नाहीस ना?

तुझी,
ताई