घरातलीच मुलगी

६ नोव्हेंबर १९९८
ठरलं! आमच्या प्रितेशचं लग्न ठरलं — मामाच्या रीमाशी. बाहेरची स्थळं आली नि गेली. नवऱ्यामुलाची थोरली बहीण तिशीची, उंची दहा वर्षांच्या पोरीएवढी — मला बघितलं की पाहुणे अर्धा चहा ठेवून उठायचे. आज काळूराममामा वाडीतूनच ओरडत आला, "बाहेरचे कशाला पायजेत? घरातलीच मुलगी देतो. आपल्या वसूला कोन नावं ठेवनार नाय!" आई रडायलाच लागली. मी शिलाई मशीनवर होते. बसले की मी सगळ्यांएवढीच दिसते.

म्हणजे हे लग्न माझ्यामुळे होतंय.

७ नोव्हेंबर
दिवसभर एकच काज तीनदा उसवलं.

८ नोव्हेंबर
सकाळी आईने टाळूवर तेल थापलं. तान्ह्या बाळाची टाळू भरतात तशी ती माझी अजून भरते. माझी भरलीच नाही कधी! बोट ठेवलं की मऊ लागतं. आईच्या मते, ग्रहणात तिने विळीवर भोपळा चिरला, त्याचं हे फळ.

पावसाळ्यात माझा पाय पुन्हा मोडला तेव्हा मुंबईचे डॉक्टर वेगळंच बोलले. हाडं दगडासारखी घट्ट, पण खडूसारखी मोडणारी. त्यांचा पहिला प्रश्न — "आईवडील नात्यातले?" हो. आई बाबांच्या मामाचीच मुलगी. मग म्हणाले, दोष दोन्हीकडून आला तरच मूल असं होतं. एकाकडूनच आला तर दिसत नाही, नुसता पुढे जातो.

प्रितेश ताडमाड. रीमा धडधाकट. दिसत नाही, हेच तर!

आईला तेव्हाच सांगितलं होतं. "डॉक्टरला काय ठाव? तू कोनाला बोलू नको."

१५ नोव्हेंबर
ती दिसते आता मला. रीमाची मुलगी. अजून कुठेच नाही, तरी दिसते. केळीच्या आळ्यापाशी बसलेली. माझी आत गेलेली हनुवटी, माझी आखूड बोटं, पाय प्लास्टरमध्ये. रडत नाही. नुसती बघते.

आज काजं करताना वाटलं, मागे उभी आहे. सुई बोटात गेली. वळून बघायचा धीर झाला नाही मला!

२२ नोव्हेंबर
प्रितेशने वसईच्या बाजारातून माझ्यासाठी साडी आणली. करवलीची! अर्धी साडी मला निऱ्यांतच कोंबावी लागणार, पण रंग छान आहे. म्हणाला, "ताई, तू नसतीस ना, तर रीमा मला मिळालीच नसती."

वेडा! किती खूश आहे. सांगू कशी?

२९ नोव्हेंबर
रीमा ब्लाउजचं माप द्यायला आली. आई बाजारात फुलं द्यायला गेलेली. मी स्टुलावर चढले, तिच्या खांद्याला टेप लावली आणि सांगून टाकलं. सगळं. तोंडावर बोलायचं धाडस नव्हतं, पाठीशी बोलले.

तिने खांद्यावरची टेप काढून हातात घेतली. मग विचारलं, "नक्की होणार?"

"नक्की नाही. होऊ शकतं."

"प्रितेशला माहितीये?"

"नाही."

"खूप दुखतं का गं, ताई?"

म्हटलं, दुखतं. हाड मोडतं तेव्हाचं सांगितलं. शाळेतलं सांगितलं. जत्रेत अनोळखी माणसाने मला उचलून घेतलं होतं, ते आईलाही कधी सांगितलं नाही — तेही सांगितलं. सुटलेच मी! मशीनवर बसून गाणी म्हणते ते, माझ्या हातच्या ब्लाउजसाठी अर्नाळ्याहून बायका येतात ते, सगळं राहूनच गेलं.

माप अर्धवट ठेवून गेली ती.

१ डिसेंबर
काही निरोप नाही. आई आमंत्रणाची नावं काढतेय. मी मान हलवते.

४ डिसेंबर
रीमाने लग्न मोडलं. "मला करायचं नाय" — एवढंच म्हणाली म्हणे. मामाने हात उचलला, तरी माझं नाव घेतलं नाही तिने. आई तिला शिव्या घालतेय. प्रितेश जेवत नाही. मला हवं होतं तेच झालं.

पण मला वाटलं होतं, रीमा थोडी तरी भांडेल माझ्याशी. म्हणेल, मुलगी झाली तुझ्यासारखी तर होऊ दे.