महाळुंग्यातला तुटलेला गिअर

चिंचवड,
रविवार

प्रिय स्नेहल,

नव्या कंपनीत तुझं छान बस्तान बसलंय, हे मला माझ्याच आईकडून कळतं. तुला केबिन मिळाली हेही तिनेच सांगितलं, भाजी निवडता निवडता. वर, "पोरगी हुशारच पहिल्यापासून." मी समोरच बसले होते गं.

महाळुंग्याच्या आपल्या गिऱ्हाइकाच्या कारखान्यातला, खोकी पुढे सरकवणारा तो पट्टा आठवतो? त्याच्यासाठी मी तिरप्या दातांचे गिअर सुचवले होते, आवाज कमी होतो म्हणून. तू म्हणालीस, पट्टा संथ चालणार, आवाजाचा प्रश्नच कुठे येतो? तिरपे दात शाफ्टला, म्हणजे गिअर बसवलेल्या दांड्याला, बाजूला रेटतात, मग तो रेटा झेलणारे बेअरिंग लागतात; इथे सरळ दातांचे स्पर गिअरच बरे. जोडीतल्या लहान गिअरचा प्रत्येक दात जास्त वेळा भार घेतो, म्हणून तो जास्त कडक घ्यायचा, हेही तूच सांगितलंस. आपल्या अर्जुनरावसाहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर तुझी पाठ थोपटली. माझं गणित त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवशी तू वाटलेली जिलेबी मी तशीच शेजारच्या टेबलावर सरकवली.

गेल्या आठवड्यात तो लहान गिअर तुटला. खरं सांगू? मला आनंद झाला. महाळुंग्याला मी जवळजवळ नाचतच गेले. तुझी चूक मला माझ्या हातांनी शोधायची होती. दात मोजले, कडकपणा तपासला, भाराचं गणित पुन्हा मांडलं. सगळं बरोबर. मग तुटका गिअर उजेडात धरला. घासल्याची चकाकी दातभर नव्हती, एकाच टोकाला होती. अख्ख्या दाताने पेलायचा भार एकटा कोपरा पेलत होता. मोटर बदलताना कारखान्याच्या माणसांनी शाफ्ट तिरका बसवला होता. तुझी निवड बरोबरच होती, आणि मला रडू यायचंच बाकी होतं.

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "मोठं गिऱ्हाईक आहे, कशाला दुखवायचं? स्नेहल गेलीच आहे, तिचं डिझाइन चुकलं म्हणू. तिची जागाही तुलाच द्यायचीय." क्षणभर फार गोड वाटलं ते. मग मी म्हणाले, "नाही साहेब. शाफ्ट तिरका आहे, मी फोटो काढलेत." ते उठून गेले.

म्हणून लिहितेय. ते तरीही तुझंच नाव पुढे करतील, आणि महाळुंग्याची मंडळी तुझ्या नव्या साहेबांच्या ओळखीची आहेत. कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांग. मी येऊन समोर बोलेन. फक्त आभार मानायला फोन करू नकोस. तुझा आनंदी आवाज ऐकण्याइतकं माझं मन अजून मोठं झालेलं नाही.

तरीही तुझीच,
मंजुषा